‘ॲन यूजर’ का चुकतं आणि ‘ॲन एसटी’ का बरोबर

संध्याकाळच्या वर्गाला येणाऱ्या एका मुलीने परवा ऑफिसातल्या मेलची प्रिंट माझ्यासमोर ठेवली. मुलगी मराठी माध्यमातून शिकलेली, आता हिंजवडीत सॉफ्टवेअर टेस्टर. मेल चारच वाक्यांचा. ‘आय ॲम सॉफ्टवेअर टेस्टर. ॲन यूजर हॅज रिपोर्टेड अ इश्यू. आय नीड ॲन इन्फर्मेशन अबाउट अ एसक्यूएल एरर. इट विल टेक हाफ अवर.’ तिच्या टीम लीडने त्यावर लाल पेन चालवलं होतं. पाच ठिकाणी दुरुस्ती होती, पण एसक्यूएलच्या (डेटाबेसमधून माहिती काढायची ही संगणकाची भाषा) आधीचा ‘अ’ तसाच ठेवला होता.

“बाई,” ती म्हणाली, “शाळेत पाठ केलं, ए-ई-आय-ओ-यू आलं की ‘ॲन’. यूजर ‘यू’ने सुरू होतो म्हणून ‘ॲन’ लावला, तो चुकला. एसक्यूएल ‘एस’ने सुरू होतो म्हणून ‘अ’ लावला, तो लीडने ठेवला, पण शेजारची मैत्रीण म्हणते तिथे ‘ॲन’च हवा. खरं कुणाचं? आणि मुळात ‘अ’ लावायचा कधी, हे मला आजवर कुणी सांगितलंच नाही.”

तास संपत आला होता, घाईत काहीतरी सांगून वेळ मारून नेली. नीट उत्तर इथे देते.

पहिल्यांदा ते ए-ई-आय-ओ-यू विसरा. ती अक्षरं आहेत आणि ‘अ’-‘ॲन’चा नियम अक्षरांचा नाही, उच्चाराचा आहे. हे पुस्तकातही लिहिलेलं असतं. पण इंग्रजी स्पेलिंग बघून उच्चार कळत नाही, म्हणून वाचूनही उपयोग होत नाही. आपलं नशीब असं की आपल्याकडे उच्चार दाखवणारी लिपी घरचीच आहे. शब्द जसा म्हणता तसा देवनागरीत लिहा. पहिलं अक्षर स्वर असेल, म्हणजे अ, आ, इ, ई, उ, ऊ, ए, ऐ, ओ, औ किंवा आपले नवे पाहुणे ॲ आणि ऑ, तर ‘ॲन’. व्यंजन असेल तर ‘अ’.

करून बघा. यूजर: ‘य’ व्यंजन, म्हणून अ यूजर. युनिव्हर्सिटी, युनिफॉर्म, युरोपियन, यूआरएल, यू-टर्न, सगळ्यांना ‘य’, सगळ्यांना ‘अ’. अंब्रेला: ‘अ’ स्वर, ॲन अंब्रेला. उबर: ‘उ’ स्वर, म्हणून ॲन उबर, ओलाही ॲन ओला, रिक्षा मात्र अ रिक्षा. अवर आणि ऑनेस्ट यांच्या स्पेलिंगमध्ये पुढे ‘एच’ उभा असतो, पण तो मुका आहे. देवनागरीत तो उतरतच नाही आणि ‘ॲन’ आपोआप येतो. वन-वे: ‘व’ व्यंजन. लक्ष्मी रोड इज अ वन-वे स्ट्रीट. तुम्ही शोधत असाल तो फ्लॅट अ वन बीएचके, आणि आठशे फुटांचा असेल तर ॲन एट-हंड्रेड-स्क्वेअर-फूट फ्लॅट. आकडा लिहिलेला असला तरी तो वाचता कसा, तेवढंच बघायचं.

सगळ्यात जास्त गोंधळ होतो तो आद्याक्षरांच्या नावांत, आणि पुणं तर आद्याक्षरांवर चालतं. एफ, एच, एल, एम, एन, आर, एस, एक्स ही इंग्रजीत व्यंजनं आहेत, पण त्यांची नावं देवनागरीत लिहिली की पहिलं अक्षर ‘ए’ नाहीतर ‘आ’. त्यामुळे खडकवासल्याचा मुलगा ॲन एनडीए कॅडेट, लॉ कॉलेज रोडवरून पास होऊन बाहेर पडलेली ॲन एफटीआयआय ग्रॅज्युएट, पाषाण रोडला संशोधन करणारा ॲन एनसीएल सायंटिस्ट. सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत बसलेला ॲन एमपीएससी ॲस्पिरंट आणि त्याच्याच शेजारच्या खुर्चीवरची अ यूपीएससी ॲस्पिरंट. पोलिसांत ॲन एफआयआर, दवाखान्यात ॲन एमआरआय, पण अ सीटी स्कॅन. आद्याक्षरं सुटी न म्हणता शब्दासारखी म्हणत असाल तर तो शब्द बघा: नासा म्हणतो, एन-ए-एस-ए नाही, म्हणून अ नासा सायंटिस्ट.

स्वारगेटला उभी असते ती ॲन एसटी. मात्र तुम्ही माझ्या आजोळच्या माणसांसारखे ‘यष्टी’ म्हणत असाल, तर नियमाप्रमाणे ‘अ यष्टी’ व्हायला हरकत नाही. नियम तुमच्या तोंडावर चालतो, छापलेल्या कागदावर नाही.

आता हे असं का, ते सांगते. कारण कळलं की पाठ करावं लागत नाही. मराठीत तुम्ही हेच रोज करता. ‘सत्य’च्या उलट असत्य. ‘विश्वास’च्या उलट अविश्वास. मग ‘उचित’च्या उलट ‘अउचित’ का नाही? अनुचित का? ‘आवश्यक’चं ‘अआवश्यक’ का होत नाही, अनावश्यक का होतं? दोन स्वर एकमेकांवर आदळले की जीभ अडखळते, म्हणून मध्ये ‘न्’ येऊन बसतो. व्यंजनापुढे अ, स्वरापुढे अन्. आणि ‘योग्य’चं काय होतं? अयोग्य. ‘अन्योग्य’ नाही. ‘य’ला संस्कृतने व्यंजनच मानलं आणि इंग्रजी जिभेनेही युनिव्हर्सिटीच्या बाबतीत तेच केलं. ‘हिंसा’चं अहिंसा, तसं अ हॉटेल. अर्थाने या दोन ‘अ’चा एकमेकांशी काही संबंध नाही, आपला नकाराचा, त्यांचा एकाचा. सोय मात्र तीच. अडलात की मनात म्हणायचं: अयोग्य, अनुचित. मी वर्गात फळ्याच्या कोपऱ्यात हे दोन शब्द लिहून ठेवते आणि महिनाभर पुसत नाही.

हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं असं समजू नका. नोकरीच्या पहिल्या वर्षी सातवीच्या एका मुलाने निबंधात ‘अ युनियन’ लिहिलं आणि मी ते खोडून वर ‘ॲन’ लिहिला, अर्धा गुण कापला. मुलाचे वडील पिंपरीला कारखान्यात कामाला, युनियनचे काम करणारे. पालकसभेला आले आणि अतिशय अदबीने म्हणाले, “बाई, आमच्याकडे साहेब लोक बोलताना ‘अ युनियन’ म्हणतात. तुम्ही एकदा म्हणून दाखवा ना.” मी म्हटलं, “ॲन युनियन.” माझंच मला ते ‘अनयुनियन’ असं काहीतरी ऐकू आलं. अर्धा गुण परत दिला. त्या दिवसापासून वहीतलं वाक्य मोठ्याने वाचल्याशिवाय लाल पेन उचलत नाही.

देवनागरीची युक्ती एका बाबतीत मात्र दगा देते: जिथे आपण मुळात उच्चारच चुकीचा करतो. यातला सगळ्यात मोठा गुन्हेगार म्हणजे ‘इयर’. फायनल इयर, इयर-एंडिंग असं आपण लिहितो नि बोलतो, म्हणून पुण्यातल्या निम्म्या बायोडेटांत ‘ॲन इयर’ सापडतो. वर्षाचा उच्चार ‘यिअर’ आहे, पुढे ‘य’ आहे. अ यिअर. कान म्हणजे इअर, तो ॲन इअर. उलट बाजूने वारस: आपण स्पेलिंग बघून ‘हेअर’ म्हणतो, खरा उच्चार एअर, म्हणून ॲन एअर. एवढे दोन-तीन शब्द कान धरून शिकायचे, बाकी लिपीवर भरवसा ठेवायचा. ‘ॲन हिस्टॉरिक’ वाचलं असेल कुठे तर घाबरू नका. तो जुना रिवाज आहे, ‘ह’ नीट उच्चारत असाल तर ‘अ हिस्टॉरिक’ लिहा.

आणखी एक: ‘अ’ की ‘ॲन’ हे नामावरून नाही, लगेच पुढे येणाऱ्या शब्दावरून ठरतं. अ हॉटेल, पण ॲन ओल्ड हॉटेल. ॲन अवर, पण अ होल अवर. मध्ये विशेषण घातलं की वाक्य परत वाचायचं, एवढंच.

थोडी गंमत सांगते, कामाची नाही, पण मला आवडते. मूळ रूप ‘ॲन’ हेच होतं आणि त्याचा अर्थ ‘एक’. ‘वन’ आणि ‘ॲन’ एकाच शब्दाची मुलं. व्यंजनापुढचा ‘न’ हळूहळू झिजून गेला आणि ‘अ’ उरला. या झिजण्यात लोकांना कळेना की ‘न’ कुणाचा, आधीच्या शब्दाचा की पुढच्या. क्रिकेटमधला अंपायर हा मुळात ‘नंपायर’च्या जवळचा शब्द होता; जुन्या फ्रेंचमधला, अर्थ ‘जोडीत नसलेला’, म्हणजे दोघांच्या भांडणात तिसरा. ‘अ नंपायर’ म्हणता म्हणता ‘ॲन अंपायर’ झालं आणि बिचाऱ्याचा ‘न’ कायमचा गेला. स्वयंपाकघरातला ॲप्रनही तसाच, आधी ‘नॅप्रन’ होता. उलटही घडलं: टोपणनावाला ‘एकनेम’ म्हणायचे, ‘एक’ म्हणजे त्यांच्या भाषेत जास्तीचं, ‘ॲन एकनेम’मधला ‘न’ पुढे सरकला आणि ‘निकनेम’ तयार झालं. आपल्याकडेही ‘अनाथ’ शब्द फोडायला सांगितला की वर्गातलं कुणीतरी ‘अन् अधिक आथ’ म्हणतंच. तो अ अधिक नाथ. त्यामुळे इंग्रजांना हसू नये.

आता तिचा दुसरा प्रश्न, आणि खरा अवघड हाच आहे. ‘अ’ लावायचा कधी?

मराठीत आर्टिकल, म्हणजे ‘अ’, ‘ॲन’, ‘द’सारखा शब्द, नाही असं सगळे सांगतात. शब्द नाही हे खरं, पण कल्पना आहे. आजीची गोष्ट आठवा. आटपाट नगर होतं. तिथे एक राजा होता. पुढचं वाक्य? ‘राजा शिकारीला गेला.’ आजी पुन्हा ‘एक राजा शिकारीला गेला’ म्हणाली असती तर मांडीवरच्या नातवाने लगेच विचारलं असतं, हा दुसरा का? पहिल्यांदा ओळख करून देताना ‘एक’, ओळख झाल्यावर नुसता राजा. इंग्रजीत ओळखीला ‘अ किंग’, नंतर ‘द किंग’. म्हणजे अर्धा नियम तुम्हाला चौथ्या वर्षीच येत होता.

उरलेला अर्धा फसवतो, कारण आपला ‘एक’ दोन कामं करतो. ‘मला एक खोली हवी’ यात मोजून एक, की कुठलीतरी? इंग्रजीत ही कामं वाटून दिली आहेत: मोजायचं तर ‘वन’, नुसती ओळख करून द्यायची तर ‘अ’. ‘वन मॅन केम टू मीट यू’ हे पुण्यात सर्रास ऐकू येतं. ऐकणारा वाट बघत राहतो, दुसरा कधी येणार म्हणून. ‘अ मॅन केम टू मीट यू’ म्हणा. ओळखायची खूण अशी: मराठी वाक्यात ‘एक’च्या जागी ‘एकच’ घालून बघा. अर्थ टिकला तर ‘वन’, बिघडला तर ‘अ’.

आणि मग ती वाक्यं, जिथे मराठीत ‘एक’ येतच नाही. मी शिक्षिका आहे. भाऊ वकील आहे. माझ्याकडे गाडी नाही. अंगणात कुत्रा बसलाय. ‘मी एक शिक्षिका आहे’ असं आपण फक्त व्यासपीठावर, समोर माइक असला की म्हणतो. इंग्रजीला मात्र ते घरातही लागतं: आय ॲम अ टीचर, माय ब्रदर इज अ लॉयर, आय डोंट हॅव अ कार. या मुलीचं पहिलंच वाक्य इथे पडलं. माझ्या मते मराठी माणसाने एकच नियम शिकायचा ठरवला तर तो हा: मोजता येणारं नाम एकवचनात असेल तर इंग्रजीत ते उघड्या डोक्याने बाहेर पडत नाही. त्याच्या डोक्यावर काहीतरी लागतं, ‘अ’, ‘द’, ‘माय’, ‘धिस’, काहीही. ‘ही वॉज नॉट वेअरिंग हेल्मेट’ हे वाक्य मी इतक्या वेळा तपासलंय की पुणेकराला हेल्मेटही नको आणि त्याच्या आधीचा ‘अ’ही नको, असं माझं मत झालंय. अपवाद आहेत. एकच माणूस बसू शकतो अशा पदावर निवड झाली की ‘अ’ गळतो: शी वॉज इलेक्टेड चेअरपर्सन ऑफ अवर सोसायटी. तिथे ‘अ चेअरपर्सन’ म्हटलं तर सोसायटीत तसे चार-पाच असावेत असं वाटतं. कधी कधी असतातही.

मोजता न येणारी नामं म्हणजे दुसरा खड्डा. ‘एक माहिती हवी होती’ असं आपण सहज म्हणतो, म्हणून ‘ॲन इन्फर्मेशन’. पण अनेकवचन करून बघा. ‘माहित्या’ कुणी म्हणत नाही. म्हणजे मराठीलाही मनातून ठाऊक आहे की ही मोजायची वस्तू नाही. इथे ‘सम इन्फर्मेशन’. सामानाचंही तसंच, म्हणून ‘अ लगेज’ नाही. ही चाचणी सगळीकडे चालली असती तर मी निवांत झाले असते. पण दोन सल्ले, तीन बातम्या आपण खुशाल मोजतो आणि इंग्रजी ॲडव्हाइस आणि न्यूज मोजत नाही. ‘अ न्यूज’ नाही, ‘ॲन ॲडव्हाइस’ नाही. ‘अ पीस ऑफ ॲडव्हाइस’ म्हणावं लागतं. होमवर्क, फर्निचर, इक्विपमेंट, ट्रॅफिक हेही त्याच पंगतीतले. ‘तुझ्याकडे एक काम आहे’ याचं ‘अ वर्क’ करू नका, ‘सम वर्क’. चहाचं मात्र दोन्ही भाषांत एकमत आहे. चहा मोजता येत नाही, पण अमृततुल्यात उभं राहून ‘दोन चहा’ म्हणता येतं. तसंच ‘अ टी’ म्हणजे कपभर.

‘अ’ नसल्याने केवढं बिघडू शकतं त्याचं एक उदाहरण माझ्याच एका विद्यार्थ्याचं आहे. परदेशातल्या ग्राहकाला त्याने कळवलं: ‘देअर आर फ्यू बग्ज.’ त्याला म्हणायचं होतं, काही बग, म्हणजे प्रोग्रॅममधल्या चुका, आहेत, थांबा. ग्राहकाने वाचलं, फारसे बग नाहीत. ‘फ्यू’ म्हणजे जवळजवळ नाहीतच, ‘अ फ्यू’ म्हणजे आहेत थोडे. एका ‘अ’मुळे वाक्य नकारातून होकारात जातं. त्यांनी काम पुढे ढकललं नाही आणि याची शनिवार-रविवारची सुट्टी गेली. ‘लिटल’ आणि ‘अ लिटल’ हाच प्रकार: ‘देअर इज लिटल टाइम’ म्हणजे वेळ नाहीच, ‘अ लिटल टाइम’ म्हणजे आहे जरा.

भाव सांगताना ‘अ’ हा आपल्या ‘ला’चं काम करतो. किलोला चाळीस रुपये: फोर्टी रुपीज अ किलो. तासाला साठ किलोमीटर: सिक्स्टी किलोमीटर्स ॲन अवर. दिवसातून दोनदा: ट्वाइस अ डे. आणि ‘अ मिस्टर आपटे कॉल्ड’ म्हणजे ‘कुणी आपटे म्हणून आहेत, त्यांचा फोन होता’. हे ओळखीच्या आपट्यांबद्दल, त्यांच्या देखत म्हणू नका.

बोलताना आर्टिकलचा उच्चार ‘ए’ करू नका, ‘ए बॉय, ए कॅट’ ही शाळेतली सवय आहे. नेहमीचा उच्चार आपला साधा, आखूड ‘अ’. जोर द्यायचा असेल तेव्हाच ‘ए’.

तर तो मेल असा हवा होता: ‘आय ॲम अ सॉफ्टवेअर टेस्टर. अ यूजर हॅज रिपोर्टेड ॲन इश्यू. आय नीड सम इन्फर्मेशन अबाउट ॲन एसक्यूएल एरर. इट विल टेक हाफ ॲन अवर.’ म्हणजे एसक्यूएलच्या बाबतीत मैत्रीण बरोबर. पण लीड चुकला असंही नाही. आयबीएममध्ये १९७० च्या दशकात ही भाषा तयार झाली तेव्हा तिचं नावच ‘सीक्वल’ होतं. ट्रेडमार्कच्या भानगडीमुळे पुढे ते आखडून तीन अक्षरांवर आलं. पुष्कळ जुनी मंडळी अजून ती तीन अक्षरं बघून ‘सीक्वल’च वाचतात, आणि सीक्वलच्या पुढे ‘स’ आहे. उद्या ऑफिसात गेल्यावर लीडला ते वाक्य मोठ्याने वाचायला सांग, म्हणजे कळेल.